प्रल्हादाचा शिक्षक आता मोबाइलमध्ये बसतो



“ताई, काहून एवढं मनावर घेता? कार्टूनच तर आहे, लेकरांचं!”

२०२५ च्या जुलै महिन्यात ‘महावतार नरसिंह’ लागला, तेव्हापासून हे वाक्य प्रताप नगरातल्या किती घरांत ऐकलं त्याचा हिशेब नाही. बोलणारे परके असते तर हा लेख लिहिला नसता. बोलणारे आपलेच आहेत. दिवाणखान्यात बाबासाहेबांचा फोटो आहे, अशोक विजयादशमीला पांढरे कपडे घालून सहकुटुंब दीक्षाभूमीवर जाणं आहे, १४ एप्रिलच्या वर्गणीत पहिलं नाव यांचंच आहे. यांतले अनेक जण उत्तर नागपुरातल्या वस्त्यांतून शिकून, नोकरीला लागून इकडे राहायला आले. यांच्याशी भांडायचं तर पुराव्यानं भांडावं लागतं, नुसत्या घोषणांनी भागत नाही. म्हणून थोडं मागे जाऊन बोलते.

माझं म्हणणं एवढंच आहे. गेल्या चाळीस वर्षांत घरी बसून सिनेमा पाहण्याची साधनं बदलत गेली. आधी व्हिडिओ कॅसेट आली, मग व्हीसीडी, मग डीव्हीडी, आता मोबाइल. यातलं प्रत्येक साधन लेकराच्या आणखी जवळ आलं, आणि ती जागा पौराणिक कार्टूनवाल्यांनी धरली. आपण गाण्याच्या कॅसेटवर राज्य केलं. लेकरांसाठीच्या चित्राकडे मात्र वळून पाहिलं नाही.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागेल, कारण लहान मूल आणि घरातला सिनेमा यांचं गणित आधी तिथे मांडलं गेलं. १९७६ साली डिस्नी आणि युनिव्हर्सल या दोन कंपन्यांनी सोनीवर खटला भरला. लोक सोनीच्या बीटामॅक्स यंत्रावर टीव्हीवरचे कार्यक्रम घरी टेप करतात, हा चोरीचा प्रकार आहे, अशी तक्रार होती. खटला आठ वर्षं चालला आणि १९८४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निकाल सोनीच्या बाजूनं दिला. डिस्नी हरली. आणि ज्या यंत्राला ती विरोध करत होती, त्याच यंत्रावर पुढे तिनं अमाप पैसा केला. ‘द लायन किंग’ची व्हिडिओ कॅसेट १९९५ मध्ये बाजारात आली, तिच्या तीन कोटींच्या वर प्रती खपल्या. त्याच्या आदल्या वर्षी ‘अलादीन’चा पुढचा भाग, ‘द रिटर्न ऑफ जाफर’, थिएटरला न पाठवता थेट कॅसेटवर काढला, आणि तोही खपला.

का खपला? मोठा माणूस सिनेमा एकदा पाहतो, फार तर दोनदा. लेकरू तोच सिनेमा शंभर वेळा पाहतं. सकाळी पाहतं, जेवताना पाहतं, ताप आला तरी तोच लावा म्हणतं. त्याला गोष्ट माहीत असते, म्हणूनच त्याला ती पुन्हा हवी असते. थिएटर ही भूक भागवू शकत नव्हतं, कॅसेटनं ती भागवली. डिस्नी आपले जुने सिनेमे काही वर्षं कपाटात बंद ठेवायची आणि मग नव्यानं बाहेर काढायची. थिएटरच्या काळापासून हा हिशेब साधारण सात वर्षांचा होता, कारण तेवढ्या काळात लेकरांची नवी तुकडी तयार होते. इतक्या थंड डोक्यानं बालमनाचा हिशेब करणाऱ्या धंद्याला ‘कार्टूनच तर आहे’ म्हणून सोडून देणारे आपण किती भोळे!

आता आपल्याकडे या. व्हिडिओ कॅसेटचा काळ मी फार पाहिला नाही, घरातल्या मोठ्यांकडून ऐकला. एका रात्रीसाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्यानं आणायचा, गल्लीतून वर्गणी काढायची, रात्रभर तीन सिनेमे पाहायचे. कोणते, ते मोठी माणसं ठरवत. लेकरं पहिल्या सिनेमाच्या मध्यंतराआधीच झोपून जात. गरिबी आपल्याला एका अर्थानं वाचवत होती. यंत्र भाड्याचं होतं, तोवर ते लेकराच्या हातात जात नव्हतं.

पण घराचा पडदा त्याच काळात धर्माच्या हाती जायला लागला होता. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं आणि १९८८ च्या जुलैपर्यंत दर रविवारी सकाळी देश थांबायचा. तरुण मित्रांनी हे साल नीट लक्षात ठेवावं. त्याच १९८७ मध्ये महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड, ‘रिडल्स इन हिंदुइझम’, छापला. त्यातल्या राम-कृष्णांवरच्या परिशिष्टावरून शिवसेनेनं रान उठवलं, आणि फेब्रुवारी १९८८ मध्ये त्या खंडाच्या बचावासाठी मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला. एकीकडे सरकारी वाहिनीवर रामकथा फुकट वाटली जात होती, दुसरीकडे त्याच कथेला प्रश्न विचारणारी पानं छापील राहावीत म्हणून लाखो पाय रस्त्यावर उतरत होते. ती लढाई आपण लढलो, शासनाला तो मजकूर ठेवावा लागला. पण पुस्तक मोठ्यांचं होतं आणि पडदा सगळ्या घराचा होता. हा फरक तेव्हा कुणाच्या फारसा लक्षात आला नाही.

मग व्हीसीडी आली. या चकतीबद्दल चळवळीत कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, आणि मला वाटतं खरा बदल हिनंच केला. १९९३ मध्ये तिचं तंत्र ठरलं. चित्र व्हिडिओ कॅसेटच्या जवळपास, एका चकतीत ७४ मिनिटं, म्हणजे हिंदी सिनेमाला दोन-तीन चकत्या. अमेरिकेनं तिला विचारलं नाही. ती चीनमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे पसरली, कारण ती स्वस्त होती, तिची नक्कल कुणालाही करता येत होती आणि ती वाजवणारी चिनी यंत्रंही स्वस्त होती. सीताबर्डीच्या फुटपाथवर चादर टाकून सीडी विकणारे ज्यांना आठवतात, त्यांना जास्त सांगायला नको. पुढे एकाच डीव्हीडीत पाच-पाच सिनेमे कोंबलेले यायला लागले. ओरखडे पडलेली चकती टूथपेस्ट लावून पुसायची, आणि विदर्भातल्या त्या भारनियमनात लाइट आली की अभ्यासाआधी सीडी लावायची. ज्यांचं बालपण २००० नंतरचं आहे त्यांना हे सगळं पाठ असेल. यंत्र आता घरचं होतं. आई धुणीभांड्याला गेली, बाप कामावर गेला की चकती घालणारं बोट लेकराचं होतं.

आणि नेमकं याच वेळी त्या बोटाला काय मिळालं? २००५ मध्ये ‘हनुमान’. व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा हा सिनेमा चालला, आणि देशी कार्टूनचा पैसा कुठे आहे ते सगळ्या धंद्याला कळलं. २००६ मध्ये ‘कृष्णा’. २००७ मध्ये ‘बाल गणेश’, शिवाय ‘माय फ्रेंड गणेशा’, शिवाय ‘रिटर्न ऑफ हनुमान’. २००८ मध्ये ‘दशावतार’. २००९ मध्ये टीव्हीवर ‘लिटल कृष्णा’.

ही यादी एका हातात धरा आणि दुसऱ्या हातात बावीस प्रतिज्ञांचा कागद धरा. पहिल्या प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश आहेत. दुसरीत राम आणि कृष्ण. तिसरीत गौरी-गणपती. चौथीत देवानं अवतार घेतला या समजुतीलाच नकार आहे, आणि पाचवीत बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याच्या प्रचाराला. १९५६ साली दीक्षाभूमीवर आपल्या आजी-आजोबांनी जे एकेक नाव घेऊन सोडलं, तेच एकेक नाव, जवळपास त्याच क्रमानं, पन्नास वर्षांनी चकतीवर परत आलं. या वेळी ते पुजाऱ्याच्या हातून आलं नाही. गोबरे गाल, मोठे डोळे आणि विनोदी उंदीर घेऊन आलं. हा कट होता असं मी म्हणत नाही. कट असण्याची गरजच नव्हती. परवाना न लागणारी, पैसे न मागणारी, सगळ्या खरेदीदारांना आधीच ठाऊक असलेली पात्रं म्हणजे देव. बाजार आपल्या वाटेनं चालला. ब्राह्मणी संस्कृती बाजाराच्या वाटेनं किती सहज चालते, एवढाच मुद्दा आहे.

‘बाल गणेश’ शेमारूनं काढला, ही गोष्ट मला बोलकी वाटते. शेमारू १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांच्या फिरत्या वाचनालयातून सुरू झाली आणि १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्यानं देऊ लागली. म्हणजे कोणतं घर काय घेऊन जातं आणि काय पुन्हा मागतं, हे काउंटरवर बसून शिकलेली कंपनी. तिनं लेकरांसाठी गणपती निवडला. तिचा अंदाज चुकला नाही. आणि २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं अस्सल व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा फुटपाथ आणि दुकान यांतला फरकही जवळपास मिटला. वाढदिवसाला फुग्यांसोबत द्यायची वस्तू झाली ती. माझ्या ओळखीच्या किती बौद्ध घरांत ‘बाल गणेश’ हा वाढदिवसाच्या भेटीतून शिरला! देणाऱ्या शेजाऱ्यांनी प्रेमानंच दिला होता. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यांना परतभेट म्हणून देण्यासारखी आपली एक चकती नव्हती, ही तक्रार आहे, आणि ती आपल्याशीच आहे.

आपल्याला हे तंत्र समजत नव्हतं असं कुणी म्हणू नये. एम.ए.ला असताना पीटर मॅन्युएल यांचं ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ चं पुस्तक वाचलं होतं. स्वस्त ऑडिओ कॅसेटनं मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली आणि गावोगावच्या छोट्या आवाजांना बाजार मिळाला, असं ते दाखवतात. त्याच कॅसेटवरून साध्वी ऋतंभरांची भाषणंही घरोघर गेली, हेही ते सोडत नाहीत. वाचताना मला दीक्षाभूमीबाहेरचे स्टॉल दिसत होते. वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, मग आनंद-मिलिंद शिंदे. पुस्तक विकत घेऊ न शकणाऱ्या, वाचू न शकणाऱ्या माणसाला बाबासाहेब गाण्यातून भेटले. एक कॅसेट घरात शंभर वेळा वाजली, म्हणून पोरांना गाणी पाठ झाली आणि गाण्यांसोबत महाडही पाठ झालं. पुनरावृत्तीची ताकद आपल्याला डिस्नीनं शिकवायची गरज नव्हती.

मग चित्राच्या बाबतीत आपण का थांबलो? पैसा हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. हार्मोनियम, ढोलकी आणि गळा एवढ्यावर कॅसेट निघते. कार्टूनच्या एका सेकंदाला चोवीस चित्रांची जागा असते, त्यातली निम्मी काढून भागवलं तरी तासाभराला हजारो चित्रं होतात. हे काम वस्तीतल्या वर्गणीचं नाही, कबूल. उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे. आपल्या चळवळीनं लेकराला कधी प्रेक्षक मानलंच नाही. जयंतीला त्याला निळा फेटा बांधून मंचावर उभं केलं, पाठ केलेलं भाषण म्हणायला लावलं, टाळ्या वाजवल्या आणि खाली उतरवलं. त्याला काय पाहायला आवडतं, हे विचारलं नाही. ते त्याला कार्टूनवाल्यांनी विचारलं.

आता एक गोष्ट सांगते, ती बऱ्याच कार्यकर्त्यांना माहीत नसते. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजननं १९५६ मध्ये कार्टून विभाग उभारला. तो शिकवायला डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार आले. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन त्याच विभागात तयार झाले. आणि या विभागाचा पहिला महत्त्वाचा चित्रपट कोणता? १९५७ चा ‘द बनियन डिअर’. निग्रोधमिग जातक! गाभण हरिणीची पाळी येते, तेव्हा कळपाचा राजा स्वतःची मान पुढे करतो आणि ते पाहून माणसांचा राजा शिकार सोडतो, ती गोष्ट. म्हणजे नागपुरात धम्मदीक्षा झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी या देशाच्या सरकारी कार्टूनची सुरुवात बुद्धाच्या परंपरेतल्या गोष्टीनं झाली. हनुमानाच्या अठ्ठेचाळीस वर्षं आधी. वारसा आपला होता, पैसा जनतेचा होता, आणि आपल्या किती विहारांत तो कधी दाखवला गेला? मला एकही माहीत नाही.

काही मित्र इथे हरकत घेतील की जातकांत पुनर्जन्म आहे, ते आपल्याला कसं चालेल? बोधिसत्त्वाचा मागचा जन्म बाजूला ठेवा, गोष्ट ठेवा. दुबळ्यासाठी बलवानानं स्वतः पुढे व्हावं, ही नीती समजायला मागच्या जन्माची गरज लागत नाही. त्यापेक्षा मोठी हरकत मला बुद्धावरच्या कार्टूनबद्दल आहे. चेन्नईच्या पेंटामीडिया कंपनीनं २००४ मध्ये ‘द लेजंड ऑफ बुद्धा’ काढला होता. बुद्ध पडद्यावर आला की आपल्याला आनंद होतो आणि आपण तपासणं सोडतो. म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसले म्हणून सिद्धार्थ घर सोडून गेला, हीच गोष्ट मुलांच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत पुन्हा पुन्हा येते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये हिलाच हात घातला. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर म्हातारपण आणि मरण पाहिलंच नव्हतं, हे पटण्यासारखं आहे का? त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेलं भांडण मांडलं. युद्धाला नकार देणारा तरुण, संघातलं मतदान, शिक्षेची धमकी, आणि घरच्यांवर संकट नको म्हणून स्वीकारलेली परिव्रज्या. सांगा, कार्टूनला यापेक्षा चांगली गोष्ट कुठे मिळेल? पाण्याचं भांडण तर नागपूरच्या लेकरांना समजावूनही सांगावं लागत नाही, उन्हाळ्यात टँकरपुढे ते रोज पाहतात.

जातीचा प्रश्न घेऊन बुद्धाची चित्रकथा रचायला आपण धजलो नाही, एका जपानी माणसानं ते केलं. ओसामू तेझुका यांनी १९७२ ते १९८३ या काळात ‘बुद्ध’ नावाची लांबलचक चित्रकथा काढली. तिची सुरुवात राजवाड्यातून होत नाही. ती होते चाप्रा नावाच्या गुलाम, शूद्र पोरापासून, जो जात लपवून सरदाराच्या घरात वाढतो आणि जात उघडी पडल्यावर मारला जातो. २०११ मध्ये तिच्यावर जपानच्या तोएई कंपनीनं कार्टूनपट काढला, त्यातही चाप्रा आहे. तेझुकांनी कथेत मनाचंही पुष्कळ घातलंय, सगळं आपल्याला मानवेल असं नाही. पण बुद्धाची गोष्ट सांगायची तर जातीपासून सुरू करावी लागते, हे तोक्योतल्या चित्रकाराला कळलं.

आता नरसिंहाकडे येते. हा सिनेमा तीनशे कोटींच्या पुढे गेला, भारतीय कार्टूनपटांत एवढी कमाई कुणाची झाली नव्हती. थिएटरमधून उतरला आणि दोन महिन्यांच्या आत नेटफ्लिक्सवर, म्हणजे पुन्हा घरात, आला. त्याच्या निर्मात्यांनी पुढच्या अवतारांची यादी २०३७ पर्यंत जाहीर करून ठेवली आहे, पुढचा नंबर परशुरामाचा. २०३७! आपल्याकडे पुढच्या १४ एप्रिलची बैठक मार्चमध्ये लागते.

आमच्या विहारातल्या मुलांच्या वर्गात एका पोराला मी विचारलं, हिरण्यकश्यपू कोण होता रे? “राक्षस.” त्यानं काय केलं होतं? बराच वेळ विचार करून उत्तर आलं, “राक्षस होता ना!”

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली, तिच्यात नरसिंहावर स्वतंत्र भाग आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांनी आज रात्री वाचावा, दहा मिनिटं लागतात. धोंडिबाच्या प्रश्नांना उत्तर देताना जोतीराव अवतार बिवतार मानत नाहीत. त्यांचा नरसिंह हा राज्य बळकावायला निघालेला, सिंहाचं सोंग घेऊन खांबाआड लपलेला कपटी माणूस आहे. आणि वार करण्याआधी तो काय करतो? राजाच्या लेकराला गाठतो. शिक्षकाला हाताशी धरून प्रल्हादाच्या कोवळ्या मनावर आपल्या धर्माची तत्त्वं ठसवतो, बापाविरुद्ध ते मन फिरवतो. खांब नंतर फुटतो.

ही मांडणी इतिहास म्हणून जशीच्या तशी घ्यावी असा माझा आग्रह नाही. बाहेरून आलेल्या आर्य वंशाचा सिद्धांत बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते’ या १९४६ च्या पुस्तकात नाकारला, आणि तेच पुस्तक त्यांनी जोतीरावांना अर्पण केलं. मतभेद आणि आदर एकाच पुस्तकात ठेवता येतात, हे आपल्या आजच्या गटातटांनी शिकण्यासारखं आहे. पण जोतीरावांची नजर कुठे गेली ते पाहा. देव, राक्षस, नखं, आतडी हे सगळं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं की या मुलाला शिकवत कोण होतं? दीडशे वर्षांपूर्वी तो शिक्षक वाड्यात यायचा. आज तो मोबाइलमध्ये बसून येतो, एक गोष्ट संपली की पुढची आपोआप लावतो आणि कधी रजा घेत नाही. आणि ज्या मुलुखात दिवाळीच्या पाडव्याला बाया ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणून ओवाळतात, त्याच मुलुखातल्या लेकराला उद्या वामन हा गोड बटू म्हणून दाखवला जाईल. प्रल्हादाचा नातू बळी. त्याचं काय झालं, हे आपल्या घरात नाही सांगितलं तर कोण सांगणार?

यावर आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरं चालतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. पहिलं म्हणजे बंदी. मोबाइल हिसकावा, टीव्ही बंद करा, सिनेमावर बहिष्कार टाका. जी आई दिवसभर दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटून येते, तिला सांगून पाहा. त्या मोबाइलनं तिचं लेकरू संध्याकाळपर्यंत सांभाळलेलं असतं. तिच्या हातात पर्याय न देता तिला दोष देणारा कार्यकर्ता मला पुरुषी वाटतो, मग तो कितीही क्रांतिकारी बोलो.

दुसरं उत्तर त्याहून धोक्याचं, कारण ते प्रेमातून येतं. बाल गणेशासमोर बाल भीम उभा करायचा. यूट्यूबवर असल्या चित्रफिती तुम्हीही पाहिल्या असतील. गोंडस बाळ, डोक्यामागे तेजाचं वर्तुळ, आकाशातून फुलं, जन्मताच चमत्कार. चौथी प्रतिज्ञा अवताराला नकार देते आणि आम्ही बाबासाहेबांचाच अवतार करून लेकरासमोर ठेवतो! मग त्या लेकरानं गणपती आणि भीम यांत फरक का करावा? दोघांच्याही मागे वर्तुळ आहे, दोघांनाही हात जोडायचे आहेत. चित्रकला वाईट आहे म्हणून मी हे बोलत नाही. आपल्या हातानं आपण नरसिंहाचाच सिनेमा पुन्हा काढतोय, म्हणून बोलतेय.

चांगला नमुना आपल्याकडे आहे. २०११ मध्ये आलेल्या ‘भीमायन’मध्ये दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी बाबासाहेबांचं आयुष्य काढलं. त्यात आगगाडी सापासारखी वळते, पाणी आणि प्राणी पानभर फिरतात, पण तेजाचं वर्तुळ नाही. त्याच वर्षी ‘गुलामगिरी’वरही इंग्रजीत चित्रकथा निघाली, श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांची. दोन्हीत चमत्कार नाही, आणि तरी लेकरं पानं उलटत राहतात, हे मी वर्गात पाहिलंय.

मागण्या करायच्या तर नेमक्या करू. फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन करण्यात आलं. जब्बार पटेल यांचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ही एनएफडीसीचाच. म्हणजे आपल्या मुलांच्या हक्काच्या दोन गोष्टी एकाच सरकारी कपाटात आहेत. ‘द बनियन डिअर’ला मराठी आवाज देऊन तो शाळांना आणि विहारांना फुकट द्या, ही मागणी एका पानाच्या निवेदनात मावते. महाराष्ट्रानं १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी काढली होती, मराठी मुलांसाठी कार्यक्रम करणारी सरकारी संस्था. २०१७ मध्ये ती बंद केली. तेव्हा आपल्यापैकी कितीजण बोललो? बार्टीकडे स्पर्धा परीक्षांच्या वर्गांसाठी आपण भांडतो आणि भांडलंच पाहिजे, पण पाच वर्षांच्या मुलासाठी मराठी कार्टून करायला दहा तरुण चित्रकारांना शिष्यवृत्ती द्या, ही मागणी घेऊन कुणी गेल्याचं मी ऐकलं नाही. नागपुरात ॲनिमेशन शिकलेली आपली पोरं कमी नाहीत. ती दुसऱ्यांचे देव रंगवून पोट भरतात. त्यांना काम हवंय, भाषण नकोय.

आणि सरकार देईपर्यंत थांबायचं कारण नाही. आमच्या वर्गात सध्या कागद कापणं चालू आहे. गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः लिहिलेली, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मधली. १९०१ चा उन्हाळा, दहा वर्षांचा भीम, भाऊ आणि बहिणीची मुलं नवे कपडे घालून वडिलांना भेटायला आगगाडीनं निघाली. मसूर स्टेशनवर उतरली, घ्यायला कुणी आलं नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला. दुप्पट भाडं दिलं तेव्हा बैलगाडी मिळाली, तीही मुलांनी स्वतः हाकायची, गाडीवान सोबत चालणार. जवळ भाकरी होती, पण रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. या गोष्टीत देव नाही, राक्षस नाही, आणि प्रत्येक लेकराला ती समजते. कागदाचे बैल, कागदाची चाकं, एक जुना मोबाइल स्टुलाला दोरीनं बांधलेला, चित्र थोडं सरकवायचं आणि फोटो काढायचा. तीन रविवारांत चाळीस सेकंदांचं काम झालंय. बैल अजून लंगडतात.

ज्यांना संकलन येतं, ज्यांच्याकडे बरा माइक आहे, त्यांनी रविवारी सकाळी यावं. आवाजांची अडचण आहे. स्टेशनमास्तर आणि गाडीवान व्हायला कुणी तयार नाही, सगळ्या पोरांना भीमच व्हायचंय.